राखणीची बंदूक आणि घरातील लहान मुले



भात दाण्यावर आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धे शेत लोळवून जातो. माकडे नारळाची कोवळी फळे पाडतात, गवे ऊस आणि नाचणी तुडवतात. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूरचा डोंगराळ भाग येथील शेतकऱ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच या भागातील अनेक घरांत पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेली ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

बंदूक कशी वापरावी, परवान्याचे नूतनीकरण केव्हा करावे, निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात केव्हा जमा करावी, हे सर्व आपण एकमेकांना विचारतो. पण घरातील चार-सहा वर्षांच्या मुलाशी या बंदुकीबद्दल काय बोलावे, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

एक अनुभव

गेल्या भातकापणीच्या वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका शेतकऱ्याकडे पिकाची पाहणी करण्यासाठी गेलो होतो. पडवीत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, दोन खुंट्यांवर बंदूक आडवी ठेवलेली होती. "घरात लहान मूल आहे, बंदूक अशी उघड्यावर?" असे मी विचारले. आजोबा म्हणाले, "त्याचा हात पोचत नाही. आणि दारू, टोप्या कुठे असतात ते त्याला ठाऊकच नाही."

चहा होईपर्यंत सहा वर्षांचा नातू मला गोठ्याकडे घेऊन गेला. वासरू दाखवून झाल्यावर त्याने पेंढ्यामागचा एक डबा बोटाने दाखवला आणि हळूच सांगितले, "ह्यात बंदुकीच्या टिकल्या आहेत. आजोबा काढतात तेव्हा मी बघतो."

त्या मुलाने काही वावगे केले नव्हते. मोठी माणसे काय करतात ते बघत राहणे हे मुलांचे कामच आहे. चूक आपल्या समजुतीत असते. आपण मुलाला सांगितले नाही म्हणजे मुलाला कळले नाही, असे आपण धरून चालतो.

मुलांना ठाऊक असते

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. घरोघर बंदुका असलेल्या अमेरिकेत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात पालकांना आणि मुलांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. घरातील बंदूक कोठे ठेवलेली असते ते मुलाला ठाऊक नाही, असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांचे म्हणणे त्यांच्याच मुलांच्या उत्तरांशी जुळले नाही. मुलाने बंदुकीला कधीच हात लावलेला नाही, असे सांगणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांच्या बाबतीतही तसेच घडले.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षे वयाच्या ६४ मुलग्यांचे २९ लहान गट करून त्यांना एका खोलीत बसविण्यात आले. खोलीतील खणात न भरलेले खरे पिस्तूल ठेवलेले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले किंवा खरे-खोटे ठरवता आले नाही. ज्यांनी ते हाताळले त्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल पूर्वी काही ना काही सांगितलेले होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लपविणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे. दुसरी, केवळ सांगणे म्हणजेही सुरक्षित ठेवणे नव्हे. म्हणून कुलूप हे मोठ्यांचे काम आहे आणि बोलणे हे त्याला दिलेली जोड आहे. बोलून झाले म्हणून कुलूप सैल करू नये आणि कुलूप आहे म्हणून बोलणे टाळू नये.

आधी आपले काम : बंदूक मोकळी आणि कुलपात

ठासणीच्या बंदुकीचा धोका समजून घ्यावा. काडतुसाच्या बंदुकीतून काडतूस बाहेर काढता येते. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंधी आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासलेले असतात. ते सहज निघत नाहीत. त्यामुळे रात्री बार झाला नाही तर बंदूक भरलेलीच घरी येते आणि 'टोपी काढली आहे' एवढ्यावर खुंटीला लागते. टोपी काढली तरी नळीतील दारू तशीच राहते. टोपी बसवलेली असेल, तर बंदूक खाली पडून घोड्याला दणका बसला तरी बार होऊ शकतो. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) भरलेली बंदूक घरात आणू नये. बार मोकळा करावयाचा असेल तर तो शेतातच, आसपास माणूस वा जनावर नसल्याची खात्री करून, मऊ मातीच्या उंच बांधाकडे नळी धरून करावा.

२) गजावर खूण करून ठेवावी. नळी नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खाच पाडावी. पुढे केव्हाही गज सोडल्यावर खाच तोंडाच्या वर राहिली, तर नळीत काही तरी आहे असे समजावे. तपासताना टोपी काढलेली असावी आणि नळीच्या तोंडासमोर आपले डोके किंवा कोणी माणूस नसावा.

३) बंदूक खुंटीवर, माळ्यावर किंवा दाराआड ठेवू नये. लांबीमुळे ती कपाटात मावत नसेल तर गावातील सुताराकडून वा फॅब्रिकेशनवाल्याकडून लांब पेटी करून घ्यावी, ती भिंतीला पक्की बसवावी आणि कुलूप लावावे. पेटी होईपर्यंत भिंतीतील कडीतून आणि चापाच्या कड्यातून साखळी ओवून कुलूप घालावे.

४) दारू आणि टोप्या बंदुकीजवळ ठेवू नयेत. दोन्ही वेगवेगळ्या, कुलूपबंद जागी, चूल आणि देवघरातील दिव्यापासून दूर ठेवाव्यात. दारू रिकाम्या बाटलीत किंवा खाऊच्या डब्यात कधीही भरू नये.

५) किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. देवाच्या तसबिरीमागे, चौकटीवर किंवा तांदळाच्या डब्यात ठेवलेली किल्ली मुलांना सर्वांत आधी सापडते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. ती केवळ कागदावर राहू नये. तसेच २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही. 'पोरगा आता मोठा झाला' म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक देऊन त्याला राखणीला पाठवणे कायद्याला मान्य नाही आणि ते शहाणपणाचेही नाही.

मुलाशी काय बोलावे

लहान मुलाशी बोलताना लांबलचक उपदेश करू नये. चार गोष्टी पुरेत :

थांब. हात लावू नको. तिथून लांब जा. मोठ्या माणसाला सांग.

चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. 'हात लावू नको' एवढेच सांगितले तर मूल शेजारी बसून दुसऱ्याला हात लावताना पाहत राहते. म्हणून लांब जाणे आणि सांगणे हेही शिकवावे. बंदूक, छर्रे, टोप्या, दारूचा डबा, शेतात पडलेली अनोळखी पुडी किंवा गोळा, या सर्वांना हाच नियम लागू आहे. काही ठिकाणी रानडुकरांसाठी बेकायदा गावठी बॉम्ब ठेवले जातात. ते पिठाच्या गोळ्यासारखे दिसू शकतात, हे मुलांना आवर्जून सांगावे.

वयाप्रमाणे बोलणे बदलावे.

तीन ते पाच वर्षे : या वयात कारणे फार सांगू नयेत. "ही बाबांची कामाची वस्तू आहे. विळा, कोयता, फवारणीचे औषध यांना जसा आपण हात लावत नाही, तसा हिलाही लावायचा नाही," एवढे पुरते. या वयाच्या मुलाला नियम कळतो, पण तो वेळेवर आठवेलच असे नाही. त्यामुळे येथे सर्व भिस्त कुलपावरच ठेवावी.

सहा ते नऊ वर्षे : या वयात मुले प्रश्न विचारतात. त्यांना खरी उत्तरे द्यावीत.

"बाबा, बंदुकीने माणूस मरतो का?"
"हो, मरतो. एकदा उडालेला छर्रा परत घेता येत नाही. म्हणूनच मी ती कुलपात ठेवतो."

"तुम्ही डुकराला मारता का?"
"मी त्याला शेतातून पळवण्यासाठी आवाज करतो. रानातल्या जनावरांसाठी कायदा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही."

"मला एकदा धरू द्या ना."
"नाही. मोठा झालास, परवाना मिळाला, शिकलास, की मग. तोपर्यंत मीसुद्धा तुला देणार नाही आणि दुसऱ्या कोणी दिली तरी तू घ्यायची नाहीस."

दहा वर्षांपुढे : या मुलांना बंदूक कशी चालते आणि रिकामी वाटणारी बंदूक भरलेली कशी असू शकते, हे तोंडी समजावून सांगावे. या वयात धोका मित्रांसमोर मोठेपणा दाखवण्याचा असतो. मोबाईलवर बंदुकीसह फोटो किंवा व्हिडिओ काढण्याचा मोह होतो. मोठी माणसेच असे फोटो काढत असतील तर मुलांना सांगून उपयोग होत नाही.

बागुलबुवा करू नये. 'हात लावलास तर पोलीस धरून नेतील' असे सांगितल्याने मुलाची उत्सुकता कमी होत नाही, फक्त ते लपवायला शिकते. त्याचप्रमाणे 'ती खेळण्यातलीच आहे' असे सांगून वेळ मारून नेऊ नये.

सांगणाऱ्याला मार नाही

येथे माझ्याच लहानपणची एक गोष्ट सांगतो. मी आठ वर्षांचा होतो. दिवाळीत आम्ही टिकल्या दगडाने ठेचून फोडत असू. एका दुपारी चुलत भावाला माळ्यावर बंदुकीच्या तांब्याच्या टोप्यांची डबी सापडली. आमच्या लेखी त्या मोठ्या टिकल्याच. पायरीवर एक टोपी ठेवून त्याने वर दगड मारला. तांब्याचा कण उडून त्याच्या भुवईत शिरला. अर्धा इंच खाली असता तर डोळा गेला असता.

आम्ही घरी सांगितले नाही. 'पडलो' म्हणालो. जखम सुजून तिसऱ्या दिवशी ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी तो कण काढला. तीन दिवस आम्ही गप्प राहिलो, याचे कारण एकच होते. टोपी फुटली त्यापेक्षा वडिलांच्या माराची भीती जास्त वाटत होती. त्या डबीला कुलूप नव्हते, आणि आम्हाला कोणी सांगितले नव्हते की त्या टिकल्या नाहीत.

म्हणून मुलाला हे स्पष्ट सांगावे : "बंदुकीबद्दल काहीही असो, मला येऊन सांगितलेस तर मी रागावणार नाही. तुझ्या हातून चूक झाली असली तरी नाही." आणि मूल खरोखर सांगायला आले की दिलेला शब्द पाळावा. त्या वेळी हात उगारला, तर पुढच्या वेळी मूल येणार नाही. पुढची वेळ कोणती असेल ते आपल्या हाती नसते.

सांगून नव्हे, करवून घेऊन शिकवा

कृषी विस्ताराच्या कामात आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. बीजप्रक्रियेवर भाषण ऐकलेला शेतकरी माना डोलावतो, पण प्रात्यक्षिकात स्वतःच्या हाताने बियाणे चोळलेला शेतकरीच घरी जाऊन ती करतो. मुलांचेही तसेच आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांना बंदुकीचा नियम तोंडपाठ झाला होता, पण प्रत्यक्ष बंदूक समोर दिसल्यावर तो त्यांच्या वागण्यात उतरला नाही. मुलांकडून तसे करवून घेऊन, प्रसंग घडतो त्या जागीच पुन्हा सराव घेतल्यावर फरक पडला.

हा सराव घरी करता येतो. खरी बंदूक त्यासाठी कधीही वापरू नये. एक खेळण्यातली बंदूक किंवा रिकामी डबी घ्यावी. "ही खरी आहे असे समज," असे सांगून ती ओटीवर ठेवावी आणि मुलाला आत बोलवावे. मुलाने थांबावे, मागे वळावे आणि आईजवळ येऊन "ओटीवर बंदूक आहे" असे सांगावे. चुकले तर हसण्यावारी न नेता तेथेच पुन्हा करवून घ्यावे. बरोबर केले की शाबासकी द्यावी. थोड्या दिवसांनी, मूल विसरले असेल अशा वेळी, दुसऱ्या जागी पुन्हा करून पाहावे. मात्र मुलाने दहा वेळा बरोबर केले तरी कुलूप उघडे ठेवू नये.

केव्हा बोलावे

जसे पिकाचे वेळापत्रक, तसे याचेही ठेवावे.

मे महिना : मुंबई-पुण्याहून नातेवाइकांची मुले येतात. 'बंदूक दाखव ना' हा हट्ट येथेच होतो. पाहुणे येण्यापूर्वी कुलूप तपासावे आणि आलेल्या मुलांनाही पहिल्याच दिवशी नियम सांगावा.

गणपती : घर माणसांनी भरलेले असते आणि प्रत्येकाला वाटते, मुलांवर दुसऱ्याचे लक्ष आहे. या दिवसांत किल्ली कोणाकडे आहे ते ठरवून घ्यावे.

भात पोसवल्यापासून कापणीपर्यंत : बंदूक वारंवार बाहेर निघते. रात्री थकून परतल्यावर 'सकाळी ठेवू' असे म्हणू नये.

दिवाळी : टिकल्या आणि बंदुकीच्या टोप्या यांतील फरक मुलांना सांगावा. टोप्या आपल्या हातात धरून दाखवाव्यात, त्यांच्या हातात देऊ नयेत.

निवडणुकीनंतर : जमा केलेली बंदूक घरी परत येते त्या दिवशी सर्व मुलांना बसवून नियमाची उजळणी करावी.

कार्बाइडची तोफ आणि छऱ्याची बंदूक

माकडे-डुकरे हाकलण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढणारी तोफ अनेकांनी घरीच बनवली आहे. तिला परवाना नसल्याने ती खेळणे वाटते. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ व इतर ठिकाणी अशा तोफांमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. आवाज का झाला नाही ते पाहण्यासाठी मूल पाइपात डोकावते आणि त्याच क्षणी साठलेला वायू पेटतो. ही तोफ मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. कार्बाइडचा डबाही कुलपात ठेवावा. छऱ्याच्या एअरगनलाही हाच नियम लावावा. तिच्या छऱ्यानेही डोळा जातो.

दुर्घटना घडलीच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छर्रा किंवा कण स्वतः काढू नये. डोळ्यात कण शिरला असल्यास डोळा चोळू अथवा दाबू नये, वर वाटीसारखे झाकण ठेवून दवाखान्यात न्यावे. डोळ्यात कार्बाइडचा चुना गेला असल्यास मात्र लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि मग दवाखान्यात न्यावे. हळद, तूप, दूध यांपैकी काहीही घालू नये. काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

आज संध्याकाळी करावयाचे

हा अंक बाजूला ठेवल्यावर प्रथम बंदूक खुंटीवरून उतरवून मोकळी आहे याची खात्री करा आणि ती कुलपात ठेवा. दारू आणि टोप्यांची जागा बदला. मग मुलाला जवळ घेऊन सहज विचारा, "आपली बंदूक कुठे असते, तुला ठाऊक आहे का?" उत्तर ऐकताना रागावू नका. पुढे काय बोलायचे आणि कोठले कुलूप बदलायचे, ते त्या उत्तरावरूनच कळेल.

त्या सहा वर्षांच्या नातवाच्या आजोबांना मी निघताना डब्याची जागा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून खुंटीवरची बंदूक काढली आणि मुलाला म्हणाले, "उद्या आपण सुताराकडे जाऊ. पेटी करून घेऊ. तू बरोबर चल."